धुरापाशी बसायचे कोणी?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हिवाळा दोन गंध घेऊन येतो. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या बाजूंनी गोडसर, किंचित आंबूस वास हवेत पसरतो. आणि ज्वारीच्या कणसात दूध भरले की बांधाबांधांवर गोवऱ्यांच्या आगट्या पेटू लागतात. हुरडा हा आमचा पिढीजात निखाऱ्यावरचा उत्सव. त्याच्या जोडीला भाजलेली वांगी, मक्याची कणसे, आणि इंदापूरच्या अंगाला गेले तर उजनीच्या पाण्यातला मासा. अलीकडे पुणे-सोलापूर महामार्गावर ‘चुलीवरचे मटण’ असे फलक मैलामैलाला दिसतात. आगीवर, धुरावर शिजलेल्या अन्नाची ओढ माणसाला फार जुनी आहे. ती वाईट आहे असे मी वैद्यक शिकलेली असूनही म्हणणार नाही.

या उत्सवात गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा आला आहे. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले सुट्टीवर येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात ‘पेलेट स्मोकर’ हा शब्द असतो. शेतघराच्या अंगणात असे एखादे यंत्र घ्यावे का, घेतले तर कोणते घ्यावे, ते भरवशाचे आहे हे कसे ओळखावे, असे प्रश्न मला दवाखान्यात विचारले जातात. पहिल्यांदा मला हसू आले. सर्दी-पडसे, रक्तदाब आणि मधुमेह पाहणाऱ्या साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरने शेगडी निवडून द्यावी, ही अपेक्षा गमतीची वाटली. पण विचार करता लक्षात आले की प्रश्न चुकीच्या दारावर आलेला नाही. ज्या वस्तूतून धूर निघणार, ज्या वस्तूत तासन्‌तास मांस शिजणार आणि जिच्याभोवती आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे बसणार, त्या वस्तूची निवड हा घराच्या आरोग्याचाच विषय आहे.

इंदापूर तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबाने तर मला या विषयात पुरतेच ओढले. नातू अमेरिकेतील टेक्सास राज्यात अभियंता. तो दोन महिन्यांच्या रजेवर आला होता आणि जाण्यापूर्वी वडिलांना असा स्मोकर भेट द्यायचे त्याच्या मनात होते. वडिलांना हुरड्याच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याचा उपयोग दिसत होता. आजींच्या तपासणीसाठी सगळे आले असताना त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली आणि विचारले, “मॅडम, यातला कोणता घेऊ? याच्या जाहिरातीत लिहिले आहे की धूर अगदी कमी होतो. आजीला त्रास होणार नाही ना?”

यंत्राची रचना

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या छोट्या गोळ्या म्हणजे पेलेट. 1970 च्या दशकात तेलटंचाई आली तेव्हा अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी हे इंधन पुढे आले. पुढे 1980 च्या दशकात ओरेगॉन राज्यातील माउंट एंजल या लहानशा गावी जो ट्रेगर यांनी तेच इंधन स्वयंपाकाच्या यंत्रात वापरले, आणि पेलेटवर चालणारा स्मोकर जन्माला आला.

त्याची रचना आमच्या भागातील माणसाला समजायला कठीण नाही. बाजूला पेलेटची टाकी असते. टाकीच्या तळाशी मळसूत्री दांडा फिरतो, आणि साखर कारखान्यात माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूप्रमाणे तो थोडे थोडे पेलेट एका लहान अग्निपात्रात टाकतो. विजेवर तापणारी एक कांडी ते पेटवते, पंखा हवा पुरवतो, आणि आतील तापमान मोजणारी नळी नियंत्रकाला सांगत राहते की आता इंधन वाढव, आता कमी कर. अग्निपात्रावर एक जाड पत्रा आडवा असतो, त्यामुळे ज्वाळा थेट अन्नाला लागत नाही. झाकण बंद करून साधारण 107 ते 120 अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत मांस कित्येक तास शिजते आणि धुराचा वास त्यात मुरतो.

यातील खरी खुबी ज्वलनात आहे. कोरडे, एकसारख्या आकाराचे इंधन आणि मोजून दिलेली हवा यांमुळे ज्वलन बरेच पूर्ण होते. ओल्या बाभळीच्या ढलप्या किंवा गोवऱ्या धुमसतात तेव्हा ते अपूर्ण राहते, आणि अपूर्ण ज्वलनाचा अवशेष म्हणजेच धूर: सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीतील घातक रसायने. चांगल्या पेलेट स्मोकरमधून निघणारा धूर म्हणूनच विरळ आणि निळसर दिसतो. दाट पांढरा किंवा काळा धूर सतत येत असेल तर यंत्र बिघडले आहे किंवा इंधन ओलसर आहे, असे समजावे. मात्र ‘धूररहित’ हा शब्द या यंत्राला लावता येत नाही. त्याच्या नावातच धूर आहे. शिवाय तापमान जितके कमी ठेवावे तितका धूर अधिक होतो, आणि स्मोकर वापरण्याची पद्धत तर कमी तापमानाचीच आहे.

आजींचा प्रश्न

मी नातवाला हे समजावत होते, तेव्हा आजी खुर्चीत शांत बसून होत्या. वय सत्तरीच्या पुढे. जन्मात विडी ओढलेली नाही, तंबाखूला हात लावलेला नाही. तरीही दहा पावले चालले की धाप लागते, पहाटे खोकल्याची उबळ येते. फुंकून केल्या जाणाऱ्या स्पायरोमेट्री तपासणीत त्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे निदान झाले आहे. या विकाराला सीओपीडी म्हणतात. आमचे बोलणे ऐकून त्या नातवाला म्हणाल्या, “आरं, यंत्र बेस हाय तुझं. पन त्येच्यापाशी बसायचं कुनी?”

आयुष्यातली चाळीस-पन्नास वर्षे चुलीपाशी बसलेल्या बाईचाच हा प्रश्न होता. स्वयंपाकाचे साधन निवडताना आपण चव, किंमत, आकार, रंग सारे पाहतो. त्याच्यापाशी बसणारे फुप्फुस कोणाचे, हे मात्र विचारत नाही. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीवर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकी समजुतीला हलवणारा होता. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 1 अब्ज. पण लाकूड, गोवऱ्या, पिकांचे अवशेष यांच्या धुरात राहणारे सुमारे 3 अब्ज. म्हणजे या आजाराचे जगातील सर्वांत मोठे कारण तंबाखूऐवजी कदाचित चूल असू शकेल. मी शिकत असताना सीओपीडी म्हणजे विडी ओढणाऱ्या पुरुषाचा आजार, असेच आमच्या मनावर ठसले होते. बारामतीत व्यवसाय सुरू केल्यावर समोर येत राहिल्या त्या मात्र नऊवारीतल्या बायका.

आजींना मी विचारले, “घरात तर गॅस आहे. मग आता कोणत्या धुरापाशी बसता?” उत्तर सुनेने दिले. स्वयंपाक गॅसवरच होतो. पण परसातील अंघोळीच्या पाण्याची चूल रोज पहाटे पेटते. घरात दहा माणसे. तुराट्या, चिपाडे, पाचट, कधी खताच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा तिच्यात जातात. आणि “मला झोप लागत नाही, मी बसते जाळापाशी” म्हणून ते काम आजींनी आपल्याकडे घेतलेले. थंडीत ऊबही मिळते, हे त्यातले आकर्षण.

आमच्या भागातील कितीतरी घरांचे चित्र असेच आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे आणि त्याआधीपासूनच्या सुबत्तेमुळे स्वयंपाकघरात सिलिंडर आला, तरी पाण्याची चूल मागच्या दारी तशीच राहिली. ती उघड्यावर असते म्हणून तिचा धूर निरुपद्रवी मानला जातो. परंतु फुंकणी घेऊन वाकलेल्या माणसाच्या नाकापासून जाळ हातभर अंतरावर असतो. तिथे आकाश मोकळे असल्याचा फारसा उपयोग होत नाही. प्लास्टिकची पिशवी जळते तेव्हा तर त्या धुरातील विष आणखी वाढते.

मी नातवाला सांगितले, “तुझ्या स्मोकरचा विचार आपण अवश्य करू. पण तो वर्षातून दहा-बारा दिवस पेटणार आणि ही चूल 365 दिवस. आजीला त्रास होईल का, हा तुझा प्रश्न असेल तर खरेदीची यादी सौर बंबापासून सुरू कर.” त्याने मान हलवली. वडील म्हणाले, “बघू.” ग्रामीण महाराष्ट्रात ‘बघू’ या शब्दाचे अनेक अर्थ होतात; म्हणून मी पुढच्या तपासणीच्या कागदावरही ते लिहून दिले.

इंधनाचा भरवसा

आता भरवशाविषयी. यंत्र भरवशाचे आहे की नाही हे त्याच्या पत्र्यावरून ठरत असले, तरी इंधनावरून ते अधिक ठरते. याचे उदाहरण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. 2006 च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पेलेटवर चालणारी घरगुती शेगडी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रज्ञांनी बीपी या तेलकंपनीबरोबर ती विकसित केली होती. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने तो व्यवसाय चालवला. छोटा पंखा, उसाची चिपाडे व भुईमुगाची टरफले यांसारख्या शेतमालाच्या अवशेषांचे पेलेट, आणि चुलीच्या मानाने फारच थोडा धूर. काही लाख घरांत ती पोहोचली. शेगडी गुणाची होती. पण पेलेटसाठी लागणारा कच्चा माल महागला, पेलेट महागले, आणि हळूहळू घराघरांतून तिचा वापर थांबला. कंपनीने पुढे हॉटेलांच्या आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे लक्ष वळवले.

आमच्या भागातील शेतकऱ्याला यातले अर्थशास्त्र लगेच कळते. बगॅस कधीकाळी कचरा होता. आज कारखाना तोच जाळून वीज तयार करतो आणि उरलेला विकतो. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात जैवइंधनाचे पेलेट मिसळावेत असे धोरण केंद्र सरकारने आणले आहे, त्यामुळे त्यांना तिकडेही मागणी आहे. जे इंधन कारखान्यांना हवे असते ते घराच्या शेगडीला स्वस्तात आणि नेमाने मिळेल, याची खात्री कोणी देऊ नये.

यातूनच एक सावधगिरी निघते. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात बॉयलरसाठीचे पेलेट पोत्याने मिळतात. ते स्वस्त असतात म्हणून स्मोकरमध्ये घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. बॉयलरचे इंधन अन्नासाठी तयार केलेले नसते. त्यात कोणता भुसा आहे, रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूडचा चुरा आहे का, चिकटवण्यासाठी काय वापरले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. स्मोकरमध्ये त्या धुराचा लेप थेट अन्नावर बसतो. म्हणून पिशवीवर अन्नासाठी योग्य असल्याचा आणि कोणत्या लाकडाचे पेलेट आहेत याचा स्पष्ट उल्लेख हवा. असे पेलेट इंदापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. एकदा मागवले की ते कोरडे ठेवणे ही पुढची जबाबदारी. पेलेट पाणी शोषतात, फुगतात, त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि तो मळसूत्री दांड्यात अडकून बसतो. पावसाळ्यात यंत्राच्या टाकीत पेलेट ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेवावेत.

निवड करताना

नातवाशी झालेल्या चर्चेतून आणि नंतर स्वतः केलेल्या वाचनातून माझ्या मनात जी पारख तयार झाली, ती वाचकांसमोर ठेवते.

पहिली गोष्ट वापराची. वर्षात तीन-चार वेळाच पेटणार असेल तर दुचाकीच्या किमतीशी स्पर्धा करणारे यंत्र घेऊ नये. जाड पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, खाली-वर हवेची झरोके असलेले साधे कोळशाचे बार्बेक्यू त्या कुटुंबाला पुरते. त्यात पूर्ण पेटलेला लाकडी कोळसा आणि वासापुरते आंब्याचे किंवा बाभळीचे दोन वाळलेले तुकडे घातले की काम होते. लाकूड कोणते हे मात्र माहीत असलेच पाहिजे. कण्हेरीसारख्या विषारी झाडाची फांदी चुकूनही त्यात जाऊ नये. पाहुण्यांचा राबता असेल, महिन्यातून दोन-तीनदा वापर होणार असेल, तरच पेलेटच्या यंत्राचा विचार करावा.

दुसरी गोष्ट तापमानाची. चांगले यंत्र ठरवलेल्या तापमानाच्या आसपास स्थिर राहते. वारा सुटला, थंडी पडली तरी फार भरकटत नाही. पत्र्याची जाडी, झाकणाची घट्ट बैठक आणि नियंत्रकाचा दर्जा यांवर हे अवलंबून असते. दुकानदाराला यंत्र चालू करून दाखवण्यास सांगावे आणि अर्धा तास थांबून तापमान पाहावे.

तिसरी गोष्ट विजेची. पेटवताना या यंत्राला दोन-तीनशे वॉट लागतात, नंतर साधारण पन्नास. घरच्या इन्व्हर्टरवर ते सहज चालते, आणि आपल्याकडे तशी सोय असलीच पाहिजे. मध्येच वीज गेली तर पंखा आणि दांडा थांबतात, मांस अर्धकच्चे राहते, आणि क्वचित अग्निपात्रातील आग दांड्यातून मागे टाकीकडे सरकते. वीज गेल्यावर काय करायचे आणि यंत्र बंद करण्याचा योग्य क्रम कोणता, हे माहितीपुस्तिकेत वाचून घरातील दोघांना तरी पाठ असावे.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. पेटवणारी कांडी, पंखा, तापमान मोजणारी नळी हे झिजणारे भाग आहेत. ते भारतात मिळतात का आणि बसवून कोण देईल, याचे उत्तर विक्रेत्याकडून खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. परदेशातून सामानाबरोबर यंत्र आणणाऱ्यांनी तिथल्या आणि आपल्या विजेच्या दाबातील फरकही विसरू नये. अमेरिकेत तो 120 व्होल्ट आहे, आपल्याकडे 230.

पाचवी गोष्ट स्वच्छतेची. राख आणि चरबी काढणे सोपे नसेल तर ती काढली जात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. साचलेली चरबी पेट घेते. जाळी घासताना तारेचा ब्रश वापरू नये. सुटलेली बारीक तार अन्नातून घशात किंवा आतड्यात रुतल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

स्थानिक वेल्डरकडून 200 लिटरच्या पिंपाचा स्मोकर बनवून घेणाऱ्यांना एक विनंती. आमच्याकडची पिंपे बहुधा कीटकनाशकांची, रसायनांची किंवा वंगणतेलाची असतात. कितीही धुतले, जाळले तरी असे पिंप अन्नासाठी वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. तो फार तापला की जस्ताची वाफ निघते, आणि ती श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. नवा, मुलामा नसलेला जाड लोखंडी पत्रा घ्यावा.

आणि शेवटची गोष्ट जागेची. स्मोकर कोणत्याही जातीचा असो, तो घरात, पडवीत, गाडीच्या शेडमध्ये किंवा पावसासाठी ताडपत्री बांधलेल्या आडोशाला पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आणि ती जेवणानंतरची सुस्ती समजून दुर्लक्षिली जातात. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठतच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. स्मोकर खिडक्यांपासून दूर, वाऱ्याचा रोख पाहून ठेवावा. दमा, सीओपीडी, हृदयविकार असलेली माणसे, गर्भवती आणि लहान मुले यांची बैठक वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी.

ताटापर्यंत येताना

धुराचा अन्नाशी संबंध कळायला वैद्यकाला बराच काळ लागला. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांमधील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. त्या काजळीतील बेंझोपायरीन हे द्रव्य पुढे ओळखले गेले. मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकून जळते तेव्हा तेच द्रव्य धुरातून मांसावर चढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकले. आणि धुरी देणे ही त्या प्रक्रियांपैकीच एक. अशा मांसाचे रोज 50 ग्रॅम सेवन केल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. येथे ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. हुरड्याच्या मोसमात दोन-तीनदा खाल्ल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दर रविवारचा नेम मात्र करू नये. आडवा पत्रा आणि चरबीसाठी वेगळे भांडे असलेले यंत्र येथे उघड्या निखाऱ्यापेक्षा बरे. करपलेला भाग कापून टाकावा. वांगी, कणसे, रताळी, पनीर यांत ठिबकणारी चरबी कमी, म्हणून त्यांना अधिक जागा द्यावी.

मंद आचेवरचा दुसरा धोका जंतूंचा आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मंद स्मोकरमध्ये मोठा तुकडा या टप्प्यात बराच वेळ रेंगाळू शकतो. बाहेरून सोनेरी तपकिरी झालेली कोंबडी आतून कच्ची असू शकते. म्हणून टोचून तापमान पाहायचा तापमापक यंत्राइतकाच आवश्यक समजावा. कोंबडीच्या जाड भागाचे तापमान 74 अंश व्हावे, खिम्याच्या पदार्थाचे 71, माशाचे किमान 63. मांसाला मसाला लावून ते रात्रभर मुरवायचे तर फ्रिजमध्ये; ओट्यावर नव्हे. कच्च्या मांसाला वापरलेली ताटली आणि चिमटा शिजलेल्याला लावू नये. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये. हंगामात एकाच कुटुंबातील पाच-सहा जण जुलाबांनी हैराण होऊन सोमवारी दवाखान्यात येतात, तेव्हा आदल्या दिवशीच्या बेताची चौकशी करताना या तीन-चार नियमांपैकी एखादा मोडलेला आढळतो. मसाल्यांच्या तयार मिश्रणात मीठ भरपूर असते. दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला रक्तदाबाच्या रुग्णांनी तरी त्या दिवशी आठवावा.

घराने घेतलेला निर्णय

त्या कुटुंबाने महिनाभर विचार केला. नातवाने टेक्सासमधल्या आठवणीतले मोठे यंत्र बाजूला ठेवले आणि ज्याचे सुटे भाग पुण्यात मिळतात असे मध्यम आकाराचे निवडले. वडिलांनी त्याआधी घराच्या गच्चीवर सौर बंब बसवून घेतला. ढगाळ दिवसांसाठी गॅसचा गिझर स्नानघराच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर लावला. पाण्याची चूल मोडली नाही. आजींनी ती मोडू दिली नाही. सणावाराला पुरणासाठी लागेल, असे त्यांचे म्हणणे. पण ती आता रोज पेटत नाही.

आजींची फुप्फुसे पूर्ववत झाली, असे मी लिहिणार नाही. सीओपीडीत गेलेली क्षमता परत येत नाही. धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते, एवढेच वैद्यक प्रामाणिकपणे सांगू शकते. पहाटेची खोकल्याची उबळ कमी झाल्याचे त्या सांगतात, आणि यंदा थंडीत त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले नाही. श्वासातून घ्यायचे औषध चालूच आहे. त्यांच्या सुनेने मला वेगळीच गोष्ट सांगितली. पूर्वी पाहुणे आले की ती आणि तिची जाऊ दुपारभर चुलीपुढे असत आणि सर्वांत शेवटी जेवत. आता मांस यंत्रात शिजते, दर तासाने उठून तापमापक पाहायचे काम तिच्या सासऱ्यांनी अंगावर घेतले आहे, आणि दोघी जावा पंगतीत बसतात. यंत्राच्या जाहिरातीत या गुणाचा उल्लेख नाही. मला तो सर्वांत मोठा वाटतो.

येत्या हंगामात आपल्यापैकी कोणी असा स्मोकर घेणार असेल, कोळशाचे साधे बार्बेक्यू घेणार असेल किंवा बांधावर गोवऱ्यांची आगटीच पेटवणार असेल, तर खरेदीपूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून आजींचा प्रश्न मोठ्याने विचारावा. त्याचे उत्तर नेहमी त्याच एका बाईचे नाव असेल, तर कितीही महागडे यंत्र त्या घरापुरते भरवशाचे नाही. उत्तर ‘आळीपाळीने सगळे’ किंवा ‘कोणीच बसायला नको’ असे येत असेल, तर खुशाल घ्यावे. आणि ते घेण्यापूर्वी एकदा पहाटे लवकर उठून आपल्या परसात डोकावावे. तिथे एखादी चूल आधीच पेटलेली असेल, तर पहिला खर्च तिच्यासाठी करावा.